चोवीस पावलं

११ जानेवारी

बाबा,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, म्हणून उभ्याउभ्याच करते. एक खाट, एक खिडकी आणि माझी पेटी. पेटी उघडली की दार उघडत नाही.

निघताना तुम्ही मान वर न करता रंधा मारत राहिलात, ते अजून डोळ्यांसमोर आहे. "वर्षभराचाच प्रश्न आहे" असं मी दारातून म्हटलं, तेव्हाही रंधा थांबला नाही. राग गेला असेल तर पुढचं वाचा. गेला नसेल तरी वाचा, काम आहे.

इथली लढाई दोन वर्षांपूर्वी थांबली. पण ते जमिनीत पुरलेल्या सुरुंगांना कुणी कळवलेलं नाही. माणसं शेतात जातात, सरपणाला जातात आणि एका पायानं परत येतात. आमचं केंद्र एका जुन्या गोदामात आहे. उरलेल्या पायावर चढवायची खोळ आम्ही इथेच प्लास्टरचा साचा घेऊन बनवतो, मी त्यातच आहे. पण खाली लावायचं पाऊल दूरच्या कारखान्यातून येतं आणि ते चार-चार महिने येत नाही. खोळी भिंतीला टांगून ठेवल्यात, खाली पावलंच नाहीत. मी आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सहज म्हटलं, "माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात पायांचे फर्मे कोरलेत." त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "विचार त्यांना."

तर विचारते. सोबत आठ कागद आहेत. प्रत्येकावर त्या माणसाच्या शिल्लक पायाची रेघ आहे. ती उलटी करून दुसऱ्या बाजूचं पाऊल कोरायचं. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण बाई मागे उभ्या राहून लिहायला लावतायत.

इथे फोन नाही. संस्थेची थैली दर तीन आठवड्यांनी जाते-येते, तीत पत्रंही जातात आणि लाकूडही.

तुमची,
ठकी

—

६ फेब्रुवारी

ठके,

राग गेलेला नाही. पावलं पाठवतोय.

चाळीस वर्षं मी पाय कोरले, पण त्यांच्यावर कुणी एक पाऊलसुद्धा चाललं नाही. त्यांच्यावर बूट शिवायचे आणि फर्मा काढून फळीवर ठेवायचा. इतके पाय केले आणि सगळे जागच्या जागी. आता म्हातारपणी कुठे चालते पाय करायला मिळाले, तर नाही कसं म्हणू?

हलकं लाकूड घेतलंय. टाचेत रबराचा तुकडा बसवलाय, नाहीतर माणूस चालेल तेव्हा दारावर थाप मारल्यासारखा आवाज येईल. अंगठ्याकडची बाजू मुद्दाम थोडी उचललीय. तिसऱ्या नंबरच्या माणसाचा चवडा रुंद आहे, तो आयुष्यभर अनवाणी चाललेला असणार. विचारून कळव.

दादाचं म्हणणं, निवृत्त माणसानं सकाळी बागेत जाऊन बसावं. बागेत बसणाऱ्यांची तोंडं बघितलीस का कधी? वहिनी तेवढी माझ्या बाजूची आहे. ती भुसा झाडते आणि तक्रार करत नाही, म्हणजे माझ्यासमोर तरी करत नाही.

वर्ष म्हणजे वर्षच ना?

बाबा

—

१ मार्च

बाबा,

आठच्या आठ बसली! बाईंनी प्रत्येक पाऊल हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि मला विचारलं, "हे यंत्रावर नाही केलं?" माझी मान इतकी ताठ झाली की संध्याकाळपर्यंत दुखत होती.

तिसऱ्या नंबरचा खरंच अनवाणी चालणारा निघाला. मेंढ्या राखायचा. कागदावरच्या नुसत्या रेघेनं तुम्हाला त्याची चाल कशी सांगितली, याचं त्याला इतकं नवल वाटलं की तो आता तुम्हाला ज्योतिषी समजतो. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

एक टपालवाला आहे. उजवा पाय गुडघ्याखालून गेलाय. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसतो आणि खोलीतल्या प्रत्येकाला विचारतो, "तुझं घर कुठल्या रस्त्यावर?" सगळ्यांची घरं त्याला माहीत आहेत, पडलेलीसुद्धा. तुमचं पाऊल त्यानं दुसऱ्याच्या पायात पाहिलं. तेव्हापासून मला एकच प्रश्न. "तुझ्या बापाकडून माझं कधी येणार?"

येत्या काही महिन्यांत मोठी तुकडी लागेल असं वाटतं. जमेल ना?

ठकी

—

२८ मार्च

ठके,

न जमायला काय झालं? टपालवाल्याला सांग, बापाकडे रांग आहे, पण त्याचा नंबर वर घेतो.

एक मात्र कर. पेन्सिलीची रेघ भुशानं पुसली जाते. पुढच्या वेळी जाड पुठ्ठा घे आणि शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून रेघ काढ. खाच पडली पाहिजे, बोटाला लागेल अशी. जुने कारागीर असंच करायचे.

बाकी सगळं ठीक. आपल्या दिव्याभोवती हल्ली इंद्रधनुष्य दिसतं. दादाला म्हटलं, याचं वेगळं बिल तर येणार नाही ना? तो म्हणाला, चष्मा पुसा. पुसला. चष्माही स्वच्छ आणि इंद्रधनुष्यही स्वच्छ! असो, या वयात फुकटात जे रंग मिळतील ते घ्यावेत.

पत्र लांबवत नाही, टेबल डुगडुगतंय.

बाबा

—

२२ एप्रिल

बाबा,

टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घाला. तुमच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात.

इंद्रधनुष्याचं मी इथे सगळ्यांना सांगितलं, खूप हसलो.

आता कामाचं. नीट वाचा. सोबत चोवीस पुठ्ठे आहेत. तुम्ही सांगितलं तशी खाच पाडलीय. पण या वेळी तुमचं एक काम मीच उरकलंय. रेघ मी आधीच उलटून काढलीय. म्हणजे पुठ्ठ्यावर आहे तेच पाऊल कोरायचं. तुम्ही उलटवू नका. चोवीस वेळा उलटापालट करण्यात तुमचा वेळ जायला नको.

घाई आहे. शांतिसैनिकांच्या गाड्या दहा जूनला इथल्या लोकांना डोंगरापलीकडच्या गावी सोडणार आहेत. पुन्हा रस्ता कधी उघडेल, कुणी सांगू शकत नाही. या चोवीस जणांना त्याआधी पावलं मिळाली तर ती माणसं आपल्या पायांनी आपल्या घरात शिरतील. टपालवाला यांतच आहे. त्याचा नंबर एक.

आणि दुसरं. संस्था मला अजून एक वर्ष राहा म्हणतेय. मी तुम्हाला वर्षाचा शब्द दिलाय, तो मी विसरलेले नाही. बाबा, तुम्ही 'ये' म्हणालात तर मी येईन. एवढा एकच शब्द लिहा. काही स्पष्टीकरण नको. नाही लिहिलात तर मी समजेन की राहू.

ठकी

—

२० मे

ठके,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तू लिहिलंस तसंच सगळं करतो, काळजी नसावी.

इकडे ऊन फार आहे. लाकूड चांगलं सुकतं. या वेळचं लाकूड आधीच्याहून सरस आहे, गाठ एकही नाही. वहिनीनं नवा झाडू आणला. दादा बरा आहे.

चोवीस पावलं खोक्यात भरली, प्रत्येकाला त्याचा पुठ्ठा सुतळीनं बांधलाय. हात अजून बरे चालतात. टपालवाल्याला माझा नमस्कार सांग. त्यानं पहिल्या दिवशी कुठवर चालून दाखवलं ते सविस्तर लिही. तेवढं जरूर लिही.

बाबा

—

१७ जून

बाबा,

खोकं आठ तारखेला आलं. उघडलं तेव्हा सगळे भोवती जमले होते. पहिलं पाऊल टपालवाल्याचं काढलं. तो बाकावर खोळ चढवून तयार बसला होता. मी पाऊल खाली धरलं आणि अंगठा बाहेरच्या बाजूला!

आधी वाटलं, एखादं चुकलं असेल. मग दुसरं, मग तिसरं. चोवीसच्या चोवीस उलटी. उजव्यांची डावी, डाव्यांची उजवी. उलटवू नका, असं मी स्वच्छ लिहिलं होतं. दोनदा वाचलं म्हणालात. सगळं तसंच करतो म्हणालात!

माप जुळलं त्या पाच जणांना अदलाबदल करून दिली. एकोणीस जण दहा तारखेला कुबड्यांवर गाडीत चढले. टपालवाला चढताना माझी समजूत घालत होता, "पोरी, मी आधीही जरा वाकडाच चालायचो, दे तेच." पण त्यावर बूटच चढेना. शेवटी ते पाऊल पिशवीत घालून घेऊन गेला. बारा तारखेला रस्ता बंद झाला.

मी राहणार की येणार, हे विचारलं होतं. त्यावर तुम्ही उन्हाबद्दल लिहिलंत आणि झाडूबद्दल लिहिलंत. मी गेले याचा राग तुमच्या मनातून गेला नाही, हे मला कळतं. पण तो राग माझ्यावर काढायचा होता. ज्यांच्याकडे एकच पाय आहे, त्यांच्यावर कशाला काढलात? माझं पत्र नीट वाचण्याइतकीसुद्धा तुमच्या लेखी माझी किंमत राहिली नाही का?

आता पावलं कोरू नका. कारखान्यातून येतील तेव्हा येतील. मी अजून एक वर्ष इथेच आहे.

ठकी

—

९ जुलै

प्रिय ठकू,

वहिनीचं पत्र बघून दचकू नकोस. बाबा आहेत. शेजारीच बसलेत, पण हा भाग त्यांना ऐकवणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा दुपारचा चहा चालला होता. एरवी तुझं पत्र ते स्वतः पोस्टमनच्या हातातून घ्यायचे, वर हत्यारांच्या खोलीत जायचे आणि खाली येऊन आम्हाला सगळं सांगायचे. त्या दिवशी मात्र घाईनं माझ्याकडे आले. "सूनबाई, हे जरा मोठ्यानं वाच. चष्मा दुरुस्तीला दिलाय." चष्मा नाकावर होता. मी म्हटलं, "बाबा, नाकावर काय आहे मग?" ते म्हणाले, "हो का? पण तू वाच. टपालवाला किती चालला ते आधी सांग."

मी वाचायला लागले. "अंगठा बाहेरच्या बाजूला" इथपर्यंत मोठ्यानं वाचून गेले आणि थांबले. ऐन वेळी थाप मारायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. बाबा म्हणाले, "थांबू नकोस. सगळं वाच. एक अक्षर गाळू नकोस." मग वाचलं. वाचून संपेपर्यंत चहावर साय धरली.

मग ते भिंत चाचपत वर गेले आणि तुझी पत्रं घेऊन आले. सगळी व्यवस्थित फोडलेली, घडी घातलेली. "मार्चनंतरची वाच," म्हणाले. ठकू, त्यांना मार्चनंतर तुझं एकही पत्र वाचता आलेलं नव्हतं! आम्हाला सांगायचे ते सगळं मनाचं. तू एक मांजरी पाळलीयस, तिला तीन पिल्लं झालीत, असं आम्ही दोन महिने धरून चाललो होतो. दादानं तर पिल्लांना नावंसुद्धा सुचवली होती.

एप्रिलच्या पत्रात 'उलटवू नका' आलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. 'तुम्ही ये म्हणालात तर' हे वाक्य मात्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "तारीख काय आहे त्या पत्रावर?"

डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड-अंधार एवढंच कळतं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का?" दादा तेव्हापासून धड जेवत नाही. "चष्मा पुसा" हे आपण म्हटलेलं त्याच्या डोक्यातून जात नाही. वेळेवर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. एका घरात राहून आम्हाला दिसलं नाही. मी रोज भुसा झाडत होते आणि ते नुसत्या बोटांनी कोरतायत, हे मला कळलं नाही. काखेत कळसा म्हणतात ते हेच. तू तर तिकडे होतीस, तू मनाला लावून घेऊ नकोस.

खाली बाबा सांगतील ते लिहिते.

तुझी,
वहिनी

—

ठके,

सूनबाई माझ्या तोंडी स्वतःचे गोड शब्द घालते. जिथे फार गोड लागेल तिथे ते माझं नाही असं समज.

चूक माझी. तू उलटवलंस, मी परत उलटवलं. कारागीर म्हणून एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. पावलांना हात लावून मला कळायला हवं होतं, असं तुला वाटेल. पण हाताला कसं कळणार? पाऊल चांगलं झालंय एवढंच हाताला कळतं. ते कुणाच्या कुठल्या पायाचं, ते बघावं लागतं, नाहीतर वाचावं लागतं. एकोणीस माणसं. मी रोज मोजतो.

डोळ्यांचं का लपवलं, असं दादा मला दिवसातून चार वेळा विचारतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सांगून त्याला वाटेला लावतो. तुला खरं सांगतो. तू काम टाकून येशील म्हणून लपवलं नाही. सांगितलं आणि तू आली नाहीस तर काय, याची मला भीती वाटली. न सांगितलेलं बरं, तिथे माणसाला आशा राहते.

आणि ते एप्रिलचं. मला वाचता आलं असतं, तर मी 'ये' असंच लिहिलं असतं. अजिबात न लाजता. रंधा मारत बसलो नसतो. एवढा एक शब्द तू मागितलास आणि मी तुला झाडू कळवला. या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करत नाही. पावलांचं एक वेळ करीन, याचं नाही.

आता 'ये' म्हणत नाही. आता म्हटलं तर ती भीक होईल. तुझं वर्ष पुरं कर.

बाबा
(सही मी स्वतः केली आहे. कुठे पडली ते माहीत नाही.)

—

२ ऑगस्ट

बाबा,

सही कागद सोडून पाकिटावरच्या पत्त्यावर पडली होती. पाकीट तरी पोचलं.

वहिनी, हे पत्र तू वाचून दाखवणार आहेस. एक अक्षर गाळू नकोस. मला चांगली म्हणून दाखवू नकोस.

बाबा, माझं जूनचं पत्र मला परत घेता येत नाही. मी ते रागात लिहिलं, पण दुसऱ्या दिवशी थैली निघेपर्यंत राग गेला होता आणि तरीही ते टाकलं. त्याबद्दल माफी मागते. पण मला माफी मागायची आहे ती त्याहून मोठ्या गोष्टीची आहे.

वहिनी म्हणते, मी तिकडे होते, मला कसं कळणार. वहिनी, मला कळलं होतं. प्रशिक्षणात आम्हाला डोळ्यांचा एक पूर्ण दिवस होता. दिव्याभोवती रंगीत कडं, हे फळ्यावर लिहून दिलेलं मला आठवतं. बाबांचं मार्चचं पत्र आलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या, वर बोटाला लागणारी खाच हवी म्हणून मागणी. मी इथल्या लोकांना इंद्रधनुष्याचा विनोद सांगितला, सगळे हसले. फक्त डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वडिलांना डोळे दाखवायला लिही." मी हो म्हटलं.

लिहिलं नाही. बाबा, रेघा मी उलटून का काढल्या? तुमचा वेळ वाचावा म्हणून नाही. तुम्हाला दिसत नसेल, हे मनात आलं होतं म्हणून. आणि मनात आलेलं तुम्हाला स्पष्ट विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं. उत्तर आलं असतं तर मला बॅग भरावी लागली असती. इथे मी पुन्हा चालायला लागलेली माणसं बघते, ती माझा हात धरून रडतात. तिथे मी कुणाची तरी मुलगी असते, एवढंच. मला इथून निघायचं नव्हतं. म्हणून मी विचारलं नाही. डोळ्यांबद्दल एक ओळ लिहिण्याऐवजी मी चोवीस पुठ्ठे उलटून काढले, आणि त्यालाच तुमची काळजी घेणं म्हटलं. टपालवाल्याचं पाऊल तुम्ही चुकवलं नाहीत, मी चुकवलं.

आता शेवटचं. हे लिहायला तीन कागद फाडले.

तुम्ही एप्रिलच्या त्या एका शब्दासाठी स्वतःला माफ करत नाही. ते ओझं तुमचं नाही, ते उतरवून ठेवा. तुम्ही 'ये' म्हणालात तर येईन, असं मी बावीस एप्रिलला लिहिलं. वर्ष वाढवायच्या कागदावर मी सही केली ती अठरा एप्रिलला. तुम्ही असा शब्द लिहिणारे नाहीत, याची मला खात्री होती. म्हणूनच मागितला. तुमचं 'ये' आलं असतं, तर काहीतरी कारण काढून मी राहिलेच असते. काय कारण द्यायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

काल तो कागद रद्द करून घेतला आणि राजीनामा दिला. बाईंनी निघायच्या गाडीत माझं नाव लिहून दिलं. तुम्ही बोलावलं म्हणून येत नाहीये, कारण तुम्ही बोलावलेलं नाही. तुम्हाला गरज आहे म्हणून येतेय असंही म्हणत नाही, ती गरज मार्चमध्ये होती.

गाडी थैलीच्या आधी निघाली, तर मी या पत्राच्या आधी पोचेन. तसं झालं तरी हे आलं की वहिनीला मोठ्यानं वाचू द्या. मी समोरच बसेन आणि वाचून होईपर्यंत उठणार नाही.

ठकी